चौदाशे फेऱ्यांवर

पहिल्यांदा ते अंड्यांना कळलं.
त्रान्सितोबाईंच्या टोपलीत, गवतावर नीट मांडलेली तीस अंडी
चिलोएच्या खाडीत, बेटाच्या वळणाशी
एकमेकांना टिचक्या मारू लागली.
"एलिएसेर, तुझी लाँच कुडकुडतेय."
मी म्हटलं, ऑगस्ट आहे. इकडे ऑगस्टात सगळेच कुडकुडतात.

मग दाराची कडी बडबडायला लागली,
होकायंत्राची सुई, आणि शेवटी
माझ्या टाचा.
हजारला काही नाही. बाराशेला नुसती शंका.
चौदाशे फेऱ्यांवर मात्र लाँच अशी थरथरे
जशी गोमाशी बसल्यावर बैलाची पाठ.
सोळाशेला पुन्हा शहाणी,
जणू तक्रार माझीच होती.

नोल्फा वेंचूर आली आचाओहून, शनिवारच्या बोटीनं.
वय सव्वीस. हात चाळिशीचे.
तिनं इंजिनाला हातसुद्धा लावला नाही.
पत्र्याच्या पेल्यात पाणी घेतलं, इंजिनाच्या पेटीवर ठेवलं
आणि बघत बसली.
गिअर सोडून चौदाशे: पाणी गप्प.
गिअर टाकून चौदाशे: पाण्यात वर्तुळं,
एकात एक, काठापर्यंत.
"इंजिन सुटलं," ती म्हणाली,
पोलिसानं एका भावाला घरी पाठवावं तसं.

ओहोटी लागली. इथं समुद्र दोन मजले खाली उतरतो,
लाँच गोट्यांवर बसते, एका कुशीवर, ओशाळल्यासारखी.
रबरी बुटांत ती खाली वाकली.
सुकाणूला काडी बांधून पंख्याची तिन्ही पाती
एकेक करून तिच्यासमोरून फिरवली.
तिघांनी काडीला सारखंच शिवलं.
मी सांगत होतो, मार्चमध्ये ओंडका लागला होता,
मोठा होता, पुराबरोबर आलेला.
ओंडकाच असावा असं मला फार वाटत होतं.
तिनं दांडा धरून वरखाली हलवला.
"सुतभर. एवढं चालतं."

मग चिखलातूनच विचारलं,
"इंजिन आणि दांडा जुळवला कोणी?"
"केयोनचा एक माणूस."
"कोरड्यावर?"
"असेल."

भरतीला पाच तास होते.
उकडलेले बटाटे खाल्ले, धुरावलेले शिंपले खाल्ले,
माझ्याकडे बोलायला काही नव्हतं.
पाणी आलं, लाँच उठली, फळ्यांनी एक सुस्कारा टाकला
आणि तेव्हाच नोल्फानं जोडाचे चार बोल्ट सोडले.
फटीत पोलादाच्या पातळ पात्या घातल्या:
वरून चार शिरल्या. खालून एकही नाही.

"सरू आहे," ती म्हणाली. "लाकूड.
जमिनीवर एक अंग, पाण्यावर दुसरं.
कोरड्यावर ठरवलेली सोयरीक
पाण्यात उतरल्यावर पुन्हा बघावी लागते."

जूनमध्ये दोन रात्री, कंदिलाखाली, श्वास धरून
मी ती फट मिटवली होती.
केस शिरत नव्हता. शप्पथ. एक केस.
प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका दिला होता,
आणि उरलेल्या रंगानं वल्ही रंगवली होती.

वल्ही तिच्या डोक्यावरच टांगलेली होती.
तिनं ठिपके पाहिले. मग वर पाहिलं.
पाना माझ्या हातात दिला.
"तुमच्या केयोनच्या माणसाला सांगा,
बोल्ट मात्र मनापासून आवळले होते."

अंधार पडेपर्यंत इंजिनाचे पाय
पाव पाव वळसा उचलत राहिलो.
मग खाडीत गेलो. चौदाशे.
पेल्यात एकच वर्तुळ उमटलं, अर्ध्यात विरलं.
मी पुन्हा पान्याकडे हात नेला.
"राहू दे. तेवढं तिचं स्वतःचं आहे."

शुक्रवारी त्रान्सितोबाई टोपली घेऊन नेहमीच्या जागी.
वळण आलं, गेलं. अंडी झोपलेली.
कुणी विचारलं नसताना मी म्हणालो,
"ते मीच चुकवलं होतं."
त्यांनी एक डोळा उघडला,
गवत बाजूला करून मोजलं,
आणि म्हणाल्या, "तरीच. एकोणतीस आहेत."